बिनजिन्याच्या शाळेतलं जिन्याचं वायरिंग

मी वायरिंगचा बोर्ड बोलतोय. रुंदी चार फूट, उंची तीन फूट, वर पांढरा सनमायका, दोन स्विच, एक होल्डर, एक दिवा. माझ्या डोक्यावर निळ्या रंगात 'जिन्याचे वायरिंग' असं लिहिलेलं आहे. आमच्या शाळेला जिना नाही. बैठी शाळा आहे, वर पत्रे आहेत. शाळेचं नाव मी सांगणार नाही, कारण नाव बाहेर गेलं की खुलासा मागवणारं पत्र येतं आणि तो लिहायला कुणीतरी तास सोडून बसतं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं पुरे.

जिन्याचं वायरिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. जिन्याच्या खाली एक बटण असतं, वर एक. खालून लावलेला दिवा वर जाऊन विझवता आला पाहिजे आणि वरून लावलेला खाली येऊन. काम एवढंच आहे. लोक रोज चढता-उतरता हे करतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. एका कपाटाच्या दारासाठी प्लायवूड कापलं, त्यातला उरलेला तुकडा म्हणजे मी. बाकीचा भाग कुणाच्या तरी लग्नातल्या कपाटाला गेला. मला बघून कारागीर म्हणाला, "एक कोना टेढा है." दुकानदार म्हणाला, "स्कूल का है, चलेगा." आणि खरोखरच चाललं.

नववी-दहावीच्या मुलांना पुस्तकाबरोबर हाताचं एखादं काम यावं, म्हणून शाळेत व्यवसाय शिक्षण हा विषय सुरू झाला होता. त्यासाठी एक खोली रिकामी केली, तिला 'व्यवसाय कक्ष' अशी पाटी लावली आणि भिंतीवर मला ठोकलं. पहिले सर हाडाचे वायरमन होते. माझ्या तोंडाचे चार स्क्रू काढले की मी दारासारखा उघडतो. सरांनी मला उघडलं, एका दुपारी आतल्या सगळ्या वायरी जोडल्या आणि पुन्हा बंद केलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता. तीन महिन्यांनी त्यांना दुसरीकडे बरी नोकरी लागली आणि ते गेले.

जायच्या आधी माझं उद्घाटन झालं. कुणी मोठे साहेब आले. माझ्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, साहेबांनी स्विच दाबला, दिवा लागला आणि टाळ्या वाजल्या. साहेब गेल्यावर मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्या म्हणाल्या, "आता याला कुणी उघडायचं नाही. साहेबांच्या हस्ते सुरू झालंय. बिघडलं तर तपासणीला दाखवायचं काय?"

त्या दिवसापासून सहा वर्षं मी बंद होतो.

शिकवणं मात्र थांबलं नाही, असं कुणी म्हणायला नको. मुलं रांगेने यायची. पहिला स्विच दाबायचा, दिवा लागायचा. दुसरा दाबायचा, दिवा विझायचा. "हे काय आहे?" "जिन्याचे वायरिंग." "शाबास." एका तासात अख्खा वर्ग वायरिंग शिकून मोकळा व्हायचा. कपाटात वायरची नवी कोरी भेंडोळी होती, पक्कडी होत्या, टेस्टर होते. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. वापरलं तर संपेल आणि संपलं तर मागायचं कुणाकडे, हा विचार त्यामागे होता.

आणि जर्नल होतं. प्रत्येकाने जर्नलमध्ये माझी आकृती काढायची, लाल वायर लाल पेनाने, काळी काळ्याने. दुसऱ्या वर्षी राजसी नावाच्या मुलीचं जर्नल सगळ्यात सुंदर झालं. अक्षर मोत्यासारखं, रेघा पट्टीने मारलेल्या. ते आदर्श जर्नल म्हणून ठेवून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्यावरून फळ्यावर आकृती उतरवली गेली. त्या सुंदर आकृतीत एक वायर चुकीच्या टोकाला लागली होती. फळ्याकडे तोंड करून मी रोज ती बघत होतो. पण माझ्या आत खरी वायर कुठे जाते, हे कुणी पाहिलंच नसल्यामुळे ती चूक दरवर्षी न चुकता उतरत राहिली आणि तिच्याखाली 'उत्तम' असा शेरा पडत राहिला.

आता यज्ञेश सरांबद्दल. ते तिसऱ्या वर्षी आले. कंत्राटी नेमणूक, अकरा-अकरा महिन्यांची. माणूस सरळ. मुलांवर कधी हात उचलला नाही, तास कधी बुडवला नाही. त्यांचा डिप्लोमा मेकॅनिकलचा, विषय मिळाला विजेचा. एका दिवाळीच्या सुट्टीत ते एकटेच आले, दार लावून घेतलं आणि माझे दोन स्क्रू काढले. फटीतून आत बघितलं. आतल्या वायरी बघून त्यांच्या कपाळाला घाम आला. मग त्यांनी दोन्ही स्क्रू पुन्हा आवळले आणि घरी गेले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

सोनिया नववीत आली, तेव्हा पहिल्याच तासाला तिने स्विच दाबला, दिवा लागला आणि ती तिथेच उभी राहिली.

"चल पुढे," सर म्हणाले.

"सर, याच्या मागे काय आहे?"

"मागे भिंत आहे," सर म्हणाले.

वर्ग हसला. तीही हसली, पण जागेवर जाताना तिने मान वळवून माझ्या चार स्क्रूंकडे पाहिलं. मला फार वर्षांनी बरं वाटलं.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं, की या वेळी प्रात्यक्षिक परीक्षेला अंबरनाथच्या एका कारखान्यातले साहेब येणार आहेत. तिथे विजेची पॅनल बनतात. ज्यांना खरंच काम येतं अशा दोघांना कारखाना आयटीआयला घालणार, फी भरणार आणि शिकाऊ म्हणून ठेवून घेणार. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सोनियाने वाजवल्या नाहीत. तिचं लक्ष माझ्याकडे होतं.

आमचे शिपाई कोंडाजी मधल्या सुट्टीत व्यवसाय कक्षात झोपतात, कारण शाळेतला बरा पंखा तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सोनिया त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, मला हा उघडून बघायचाय."

कोंडाजी बाकावर आडवे झाले होते. "कशाला गो? चालू हाय ना तो?"

"चालू आहे, पण मला येत नाही ना. मामाचा जीन्सचा कारखाना आहे उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात. माझे वडील, आण्णा, म्हणतात, या साहेबांच्या कारखान्यात नंबर लागला तर शीक, नाही लागला तर मामाकडे बस धागे कापायला."

"धागं कापनं वाईट हाय काय?"

"वाईट नाही. पण ते मला आधीच येतं."

कोंडाजींनी थोडा विचार केला. "मोठ्या बाई वरडतील."

"तुम्ही झोपला होता म्हणून सांगा."

ही गोष्ट खोटी नव्हती, म्हणून त्यांना पटली. "आधी भिंतीतनं पिन काढ तेची," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

चार स्क्रू निघाले आणि सहा वर्षांनी माझ्या आत उजेड आला. सोनिया कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिने जी चूक केली ती कुठलाही शिकणारा करतो. कुठली वायर कुठे होती, हे कागदावर न उतरवता तिने सगळ्या सोडवून टाकल्या. पुन्हा जोडताना काही आठवेना. तेव्हा तिने दप्तरातून नववीचं जर्नल काढलं आणि त्यातल्या आकृतीबरहुकूम मला जोडलं. घंटा झाली, तिने स्क्रू आवळले, पिन लावली आणि पळाली.

पाचव्या तासाला यज्ञेश सरांनी स्विच दाबला. दिवा लागला नाही. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दुसरा दाबला, पुन्हा पहिला दाबला, आणि लागला. "लूज असेल," ते म्हणाले आणि त्या दिवशी मला पुन्हा कुणी हात लावला नाही.

सोनियाला मात्र कळलं होतं. खालून बंद केलेला दिवा आता वरून लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती कोंडाजींना सांगत होती, "आण्णा सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये वॉचमन आहेत ना, तिथे काल मी सात मजले वर-खाली केले. सगळीकडे दोन्ही बटणांनी लागतो. मग आपला का नाही लागत?"

"तुजा जिना खोटा हाय म्हनून," कोंडाजी डोळे न उघडता म्हणाले.

तिने चार दिवस मला उघडलं आणि बंद केलं. वायर सोलायला कपाटातली पक्कड मिळेना, म्हणून मामाकडचा धागे कापायचा कटर वापरला. स्विचला तीन टोकं असतात, एक मधलं आणि दोन कडेची. जर्नलप्रमाणे लाल वायर कडेच्या टोकाला होती. पाचव्या दिवशी सोनियाने ती तिथून काढली आणि मधल्या टोकाला लावली. पिन लावली. खालचा स्विच, दिवा लागला. वरचा स्विच, विझला. पुन्हा वरचा, लागला. पुन्हा खालचा, विझला. ती तोंडावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मला इतका आनंद झाला, की उद्घाटनाच्या वेळीही झाला नव्हता.

त्याच दिवशी तिने दहावीच्या जर्नलमध्ये बरोबर आकृती काढली आणि सरांकडे तपासायला दिली. सरांनी ती आदर्श जर्नलशी ताडून पाहिली. जुळेना. त्यांनी लाल पेनाने फुली मारली आणि लिहिलं, 'चूक. फळ्यावरून पुन्हा काढा.' खाली सही.

"सर, पण असंच बरोबर आहे."

"सोनिया, इतकी वर्षं सगळ्यांचं असंच आहे. जर्नलचे मार्क जातील तुझे."

तिने पान उलटलं आणि चुकीची आकृती पट्टीने, सुबक काढून दिली. सरांनी 'उत्तम' दिलं. मला दोघांचाही राग आला, पण सरांचा जास्त.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. कारखान्यातले देवदत्त साहेब सकाळी दहाला आले. साधा शर्ट, खिशात टेस्टर. मोठ्या बाईंनी चहा पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला आणि माझ्यासमोर आले.

"उघडा हा."

"साहेब, तो चालू आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो, उघडा."

कुणी पुढे होईना, तेव्हा त्यांनीच खिशातून पेचकस काढला. चार स्क्रू, पिन बाहेर, आणि दोन मिनिटांत माझ्या सगळ्या वायरी टेबलावर पडल्या. "एकेकाने यायचं, जोडायचं. जर्नल बघितलं तरी चालेल. काम करताना मीही बघतो."

मोठ्या बाईंचं धाबं दणाणलं. यज्ञेश सर पंख्याकडे बघू लागले.

पहिला नंबर सनीचा. सनीने जर्नल समोर उघडून ठेवलं आणि घाम पुसत पुसत मला जोडलं. दिवा लागला. सनीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"थांब," साहेब म्हणाले. त्यांनी खालचा स्विच बंद केला. "आता मी वरच्या मजल्यावर आहे. दिवा लाव."

सनीने वरचा दाबला. मग पुन्हा दाबला.

"अंधारात उतरू का मी?"

"सर, जर्नलमध्ये आहे तसंच केलंय. सेम टू सेम. चाहिए तो देख लो."

साहेबांनी जर्नल पाहिलं. खरंच सेम टू सेम होतं. त्यांनी दुसऱ्याचं जर्नल मागवलं, तिसऱ्याचं मागवलं. मग गठ्ठाच जवळ ओढून घेतला. दुपारी दोनपर्यंत बावीस जण झाले. त्यातल्या बारा जणांनी एकसारखी चूक केली आणि दहा जणांनी स्वतःची.

तेविसावा नंबर सोनियाचा होता. तिने जर्नल उघडलं नाही. खिशातून कटर काढला, वायरींची टोकं नीट केली आणि कामाला लागली. नऊ मिनिटांनी तिने पिन लावली. साहेबांनी चार प्रकारे दाबून पाहिलं. चारही वेळा दिव्याने ऐकलं.

साहेबांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. मग त्यांनी तिचं जर्नल काढलं, आणि आठी परत आली.

"जोडलंस ते बरोबर. काढलंस ते चूक. असं कसं?"

सोनियाने यज्ञेश सरांकडे पाहिलं. सरांची मुदत मार्चमध्ये संपत होती, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"लिहिताना चुकलं माझं," ती म्हणाली.

"हे बघ बाळा," साहेब म्हणाले. "आमच्याकडे मुलं आकृती बघून पॅनल भरतात. एक आकृती चुकली की पन्नास पॅनल परत येतात. हात चांगला आहे तुझा. पण कागदावर असं करणारं माणूस मला चालणार नाही."

त्यांनी यादीवर पेन टेकवला. सोनिया मान खाली घालून उभी होती. तिचे आण्णा काय म्हणाले होते, ते त्या खोलीत फक्त मला आणि कोंडाजींना ठाऊक होतं. कोंडाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, येक मिनिट." मोठ्या बाईंनी डोळे वटारले. माझा दिवा अजून चालू होता. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात यज्ञेश सर खुर्चीवरून उठले. टेबलाशी आले, सोनियाचं जर्नल घेतलं आणि एक पान मागे उलटलं. तिथे ती लाल फुली होती.

"ही तिची आकृती, साहेब. खोडली मी."

साहेबांनी दोन्ही पानं पाहिली. "का खोडली?"

"मला येत नाही." सरांचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मी मेकॅनिकलचा. फळ्यावर जे आधी होतं तेच शिकवत आलो. हा बोर्ड मी कधी उघडला नाही. एकदा दोन स्क्रू काढले होते."

"चार आहेत," साहेब म्हणाले.

"हो. चार आहेत."

चोवीस मुलांनी आपल्या सरांना वर्गासमोर 'मला येत नाही' म्हणताना पाहिलं. यज्ञेश सरांचा मला चार वर्षं अधूनमधून राग यायचा. त्या क्षणी तो गेला.

साहेबांनी यादीत सोनियाच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "शेवटचा नंबर कुणाचा?" चोविसाव्याने येऊन तेराव्यांदा तीच चूक केली.

निकाल लागला. व्यवसाय शिक्षणात सगळे पास. जर्नलचे मार्क वेगळे असतात आणि सगळ्यांची जर्नलं आदर्श जर्नलशी तंतोतंत जुळत होती. सोनियाला वर्गात सगळ्यात कमी मार्क मिळाले, कारण तिच्या जर्नलमध्ये खाडाखोड होती. साहेबांनी आपला अहवाल दोन पानी लिहिला होता. तो कुणी वाचला नसावा, कारण यज्ञेश सरांना आणखी अकरा महिने मिळाले.

कारखान्याचं पत्र मात्र वेगळं आलं. त्यात एकच नाव होतं. मोठ्या बाईंनी ते सोनियाच्या आण्णांना बोलावून वाचून दाखवलं. आण्णा वॉचमनच्या गणवेशातच आले होते. त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "मुलींना घेतात ना तिथे? नंतर नाही म्हणणार नाहीत ना?" नाही म्हणणार नाहीत, असं बाईंनी सांगितल्यावर ते व्यवसाय कक्षात येऊन माझ्याकडे बघून गेले. दोन्ही स्विच एकेकदा दाबून गेले.

मे महिन्यात शाळा बंद असताना यज्ञेश सरांनी सोनियाला निरोप पाठवला. ती आली, तेव्हा सर मला उघडून बसले होते.

"तू जॉइन व्हायच्या आधी मला शिकव," ते म्हणाले. "हळू सांग."

सरांना चूक म्हणायचं कसं, हा सोनियापुढे प्रश्न होता. पहिल्या दिवशी ती "सर, तसं नाही बहुतेक," असं म्हणत होती. तिसऱ्या दिवशी "सर, मधलं टोक! मधलं!" असं ओरडली आणि जीभ चावली. सर हसले. त्यांना हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सरांनी एकट्याने मला जोडलं. सोनिया हाताची घडी घालून लांब बसली होती. खालचा स्विच, दिवा लागला. वरचा स्विच, विझला. सरांनी दहा-बारा वेळा दाबून पाहिलं. मग पिन काढली, पेचकस घेतला आणि एकेक करून सगळ्या वायरी काढून टाकल्या.

"सर, लागला होता ना!" सोनिया उठून उभी राहिली.

"लागला ना. मला आला," सर म्हणाले. "आता जूनमधल्या मुलांना नको?"

सोनियाने खाली पडलेल्या वायरी गोळा केल्या आणि टेबलावर ठेवल्या. सोमवारी ती कारखान्यात रुजू झाली.

आता माझी अवस्था बघण्यासारखी आहे. सनमायक्याला ओरखडे आहेत, एक स्क्रू हरवला आहे, होल्डरला तडा गेला आहे. दिवसातून कितीतरी वेळा मला उघडतात. काल सव्वीस मुलांनी मला जोडलं आणि दिवा चार वेळा लागला. तपासणीला आलेल्या एकांनी विचारलं, "हा बंद का आहे?" मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलं शिकतायत, साहेब," आणि हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा चाचरला, पण त्यांनी ते बोलून दाखवलं.

तुमच्या मुलांच्या शाळेत असा कुणी माझा भाऊबंद भिंतीवर असेल, तर एवढं करा. दिवा लागतो का, हे विचारू नका. तुमच्या मुलाला त्याच्या वायरी काढायला सांगा आणि परत जोडायला सांगा. लागला नाही तर त्याला ओरडू नका, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

आता थांबतो. नववीची मुलं आली आहेत आणि सर पेचकस शोधतायत. उघडल्यावर मला बोलायला सवड मिळत नाही.